रिकामं पडावं म्हणून बांधलेलं घर

धान निघालं की आमच्याकडे माती भिजते. बांध्या मोकळ्या होतात, धानाच्या पेंढ्यांची पुंजणी खळ्यावर येतात, चुरणं म्हणजे मळणी उरकते, नवं पिवळं तणस अंगणात पडतं आणि माणसाला आपल्या घराकडे पाहायला सवड मिळते. पावसानं कोणाची भिंत पोटातून सुटलेली असते, कोणाचा ओटा खचलेला असतो. मग खड्डा काढायचा, माती टाकायची, तणस बोटबोट तोडून तिच्यात मिसळायचं, पाणी सोडायचं आणि आठ-दहा दिवस तसंच कुजू द्यायचं. चौथ्या दिवशी वास सुटतो. आंबट, गोठ्यासारखा, थोडा शिळ्या भाताच्या पाण्यासारखा. शिकलेला माणूस नाक धरतो. मला त्या वासानं भूक लागते. पन्नास वर्षं मिस्त्रीकाम केलं. हात आता कापतात, नाक मात्र अजून कामावर आहे.

यंदा माती भिजवायला सुनेनं सांगितलं. मंदा तिचं नाव. पोरगा चंद्रपूरला कामाला आहे, ती सगळी तिथंच राहायची. श्रावणात माझी बायको गिरजा गेली, तेव्हा म्हाताऱ्याला भात कोण घालणार म्हणून सून आणि नात इथं गावी येऊन राहिल्या. मूल या तालुक्याच्या ठिकाणापासून आमचं गाव जवळ, पण गाव ते गावच. शहरात दोन खोल्यांत कोण बाहेरची झाली आणि कोण नाही, हे शेजारणीला कळत नाही. इथं विहिरीवर कळतं. आमच्या घरी बाई चार दिवस घरामागच्या सांदवाडीत, पडवीत बसते. माझी आई बसली, गिरजा बसली. मंदा आल्यापासून दोनतीनदा बसली, काही बोलली नाही. आता नातीची वेळ आली तेव्हा बोलली.

"मामाजी, मागची पडवी जराशी छाबून द्या न. भितीले भोकं पडले. बिबट फिरून राह्यला म्हणतेत. स्वाती बसन कशी तिथी?"

स्वाती सातवीत आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा झाली तेव्हा मंदाच्या माहेरी, तिच्या मामाकडे होती. आता दिवस इथं येणार.

मी हो म्हटलं. खड्डा काढला, माती टाकली, पाणी सोडलं. चौथ्या दिवशी वास सुटला आणि मी खड्ड्याच्या काठावर बसलो तो उठलोच नाही. कारण हे काम माझ्याकडे फार जुनं पडून होतं आणि ते ज्या बाईसाठी करायचं होतं ती आता नाही. ते तसं का राहिलं हे सांगायचं तर मला वीस-बावीस वर्षं मागं, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका हंगामात जावं लागेल. मला लिहिता फार येत नाही. चौथीपर्यंत शिकलो. जसं येतं तसं सांगतो.

त्या हंगामात आम्ही दोघं नवराबायको सुनंदाबाईंच्या कामावर होतो. लोक त्यांना नकाशेवाली बाई म्हणत. कोणी इंजिनेर म्हटलं की चिडायच्या.

"मी इंजिनेर नाही हो मिस्त्री, आर्किटेक्ट."

"फरक काय?"

"इंजिनेर सांगतो घर पडणार नाही. मी सांगते घरात माणूस कसा राहील."

"ते त घरातली बाई सांगते," मी म्हटलं.

गिरजा तिकडे चिखल तुडवत होती, ती तोंडाला पदर लावून हसली. बाईंनी मात्र वही काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारं ते पहिलं माणूस.

पहिल्या दिवशी बाईंनी काहीच काम केलं नाही. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली पोतं टाकून बसल्या. सावली सरकली की पोतं सरकवायच्या, जिथून उठल्या तिथं एक खुंटी ठोकायच्या. दुपार झाली, तिसरा प्रहर झाला. मला वाटलं, बाईला बरं नाही. गिरजाला म्हटलं, "पाणी नेऊन दे व, चक्कर आली वाटते." गिरजा पाणी देऊन आली आणि म्हणाली, "चक्कर नाई जी. ऊन पाहून राह्यली." संध्याकाळी जमिनीवर खुंट्यांची एक वाकडी रांग होती. बाईंनी काडीनं त्या रांगेला धरून मातीत घर काढलं. कागदावर नंतर आलं. मी तोवर कितीतरी साहेब पाहिले होते. ते जीपमधून उतरतानाच हातात घर घेऊन उतरायचे.

त्यांची कथा आम्हाला चिखल तुडवताना कळली. चिखल तुडवताना माणूस बोलतो. पाय कामात असले की तोंड मोकळं होतं. बाई पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून गिरजासोबत खड्ड्यात उतरायच्या. मला ते आवडायचं नाही, कारण त्या तुडवायच्या वाईट. पण ऐकत कोण होतं.

त्यांचा जन्म चंद्रपूरचा. वडील कोळशाच्या खाणीत मोजणीदार. जमिनीखालच्या रस्त्यांचे नकाशे काढायचे. घरी आणून कंदिलाखाली पसरायचे, निळ्या रेघा, चौकोन, पुन्हा रेघा. बाई तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. विचारायच्या, बाबा, यात खिडकी कुठं आहे? वडील म्हणायचे, खाणीत खिडकी नसते बाळा. मग ही पोरगी वडिलांच्या नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खिडकी काढून ठेवायची. वडिलांनी मार दिला नाही, खोडली फक्त. "तेव्हापासून मला खिडक्यांचं वेड," त्या म्हणाल्या. नागपूरला शिकल्या, वर्गात पोरी दोनच. मग मुंबईला मोठ्या कचेरीत. तिथं त्यांनी एक उंच इमारत काढली, भिंतीच नाहीत, चहूकडे काच. मासिकात फोटो आला. लोक लांबून पाहायला यायचे.

"मग सोडलं काऊन?" गिरजानं विचारलं.

बाई म्हणाल्या, एक दिवस लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं उतरत होते. मधल्या वळणावर झाडू मारणारी बाई पायरीवर बसून डबा खात होती. मला पाहून दचकून उठली. मी म्हटलं, इथं का बसलात? तर म्हणाली, ताई, इथं बसायला कुठं आहे? मी घरी जाऊन नकाशे उघडून पाहिले. गाड्यांना जागा होती. यंत्रांना होती. कुंड्यांना होती. माझ्याच हातानं काढलेले नकाशे.

"अन् त्या दिवशी नोकरी सोडली?" मी विचारलं.

"नाही हो. तीन वर्षं लागली. पगार चांगला होता. मी काय संत आहे?"

हे मला पटलं. जो माणूस म्हणतो एका दिवसात बदललो, त्याच्या भिंतीला ओळंबा लावून पाहावा.

तर काम काय होतं ते सांगतो. त्या गावात गोंड वस्ती. त्यांच्यात बाई बाहेरची झाली की गावाबाहेरच्या झोपड्यात राहते, त्याला ते कुर्माघर म्हणतात. आधीच्या पावसाळ्यात तिथं एका पोरीला मण्यार चावली. रात्री हाक कोणाला मारणार? सकाळी डबा घेऊन आई गेली तेव्हा कळलं. मग एका दवाखान्याच्या लोकांनी बाईंना विचारलं, तिथं धड काही बांधून द्याल का.

जुनं झोपडं मी जाऊन पाहिलं. कूड कुजलेलं, छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, घसरलेले, चौकटीला दार नाही. मी मिस्त्री माणूस, मला रागच आला. गावातले पुरुष हाताचे चांगले होते, त्यांची स्वतःची घरं पाहण्यासारखी होती. मी म्हटलं, अरे, कवेलू उतरवून एवढं छप्पर फेरता येत नाही तुम्हाला? तेव्हा सोमीबाईनं, त्या गावातल्या म्हाताऱ्या गोंड बाईनं, मला समजावून सांगितलं. पुरुषानं कुर्माघराला हात लावायचा नाही. आणि बाईनं छपरावर चढायचं नाही.

"मंग छप्पर कोण फेरते?"

"हिल्ले," ती म्हणाली. म्हणजे नाही. कोणीच नाही.

एका गावात एक घर असं, की पुरुष शिवत नाही आणि बाई चढत नाही. मी गिरजाजवळ हसलो. म्हटलं, जंगलातले लोक, काय सांगावं! गिरजा हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बाया बसायला लागेपर्यंत नवं घर कुर्माघर होत नाही, म्हणून बांधायला मला मनाई नव्हती. पहिलं घर आम्ही सव्वा महिन्यात उभं केलं. सरळ कोपरे, जाड भिंती, आत गिरजाच्या हाताचं छाबणं, म्हणजे मातीचं लिंपण, पिवळ्या मातीचा पट्टा. आणि एका भिंतीत खिडकी. एवढी मोठी खिडकी मी मातीच्या भिंतीत कधी बसवली नव्हती. सकाळचं ऊन आत थेट समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. बाई आत उभ्या राहून त्या उजेडाकडे पाहायच्या. त्या वेळी त्यांचं तोंड लहान पोरीसारखं दिसायचं.

गावाला घर दिलं. नारळ फुटला. आणि त्यात कोणी राहिलं नाही. बाया शेजारच्या जुन्या कुजक्या झोपड्यात बसत राहिल्या. एक दिवस आम्ही जाऊन पाहिलं तर खिडकीला आतून पोतं टांगलेलं. बाईंनी सोमीबाईला विचारलं. ती म्हणाली, "बेस हाय न बाई, घर बेस हाय." तिथले लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत. बाई पुन्हा पोतं टाकून मोहाखाली बसल्या, पण ऊन पाहून आता काय कळणार होतं?

मग एका सकाळी गिरजानं हातातला चिखल धुतला आणि दूर उभी राहून म्हणाली, "आजपासून मी भितीले हात लावत नाई."

मला कळलं. पण परमुलखात बसणार कुठं? आमची राहुटी एवढीशी, त्यातच चूल, त्यातच देवाचा फोटो. मी म्हटलं, "झाडाखाली बस." तिनं आपलं लुगडं आणि ताट घेतलं आणि सरळ जुन्या कुर्माघरात जाऊन बसली, त्या गोंड बायांसोबत. ना भाषा धड येत, ना ओळख. चार दिवस मी भात करपवला. बाईंनी तो मुकाट्यानं खाल्ला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मिस्त्री, भिंत बांधता तसा भात का नाही करत?" मी म्हटलं, "भितीले मीठ लागत नाई." बाई हसल्या, मी नाही. त्या झोपड्यातून बायांच्या हसण्याचा आवाज यायचा. गिरजाचा आवाज मी ओळखत होतो. घरी ती इतक्या मोठ्यानं कधी हसली नव्हती.

पाचव्या दिवशी नहाण करून आली आणि बाईंसमोर उकिडवी बसली.

"बाई, उजेड नको असं नाई म्हणत त्या. नजर नको म्हणतेत. तुमची खिडकी पायवाटेवर उघडते. माणसं त्या वाटेनं रानात जातेत. या बायायच्या दिवसात माणसाची नजर पडली त शिकार मिळत नाई, पाय मोडते, काईबी होते, अन् मंग बोल बायायलेच लागते. म्हून अंधार बरा."

बाईंनी मान वळवून खिडकीकडे, मग पायवाटेकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सब्बल द्या."

मी सब्बल, म्हणजे पहार, दिली नाही. म्हटलं, "ते माझं काम आहे. असा चौकटीचा कोन पाहाले मिळन का कुठी? पडदा लावा." तेव्हा त्यांनी स्वतः उठून सब्बल घेतली आणि आपल्या हातानं खिडकी फोडली. पहिले दोन घाव चुकले. तिसऱ्याला चौकट हलली. घाम पुसत म्हणाल्या, "हा उजेड माझा होता, त्यांचा नव्हता." मी मागं उभा होतो. खरं सांगतो, मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता.

दुसरं घर वेगळं झालं. मधे लहानसं अंगण, त्याला पुरुषाच्या डोक्याच्या वर जाईल एवढी भिंत, अंगणाकडे उघडी सपरी, म्हणजे ओसरी. वरून आभाळ, खाली चूल. बाहेरून काही दिसायचं नाही, आत दिवसभर ऊन. आणि छप्पर? ते बाईंनी इतकं खाली आणलं की मी म्हटलं, डोकं आपटेल. छपराखाली भिंतीला लागून बाहेरून एक रुंद ओटा. त्या ओट्यावर उभं राहिलं की बाईचा हात वळचणीला पोचायचा. छपराचं पाखं, म्हणजे उतार, अरुंद ठेवलं, उरलेले कवेलू बांबूच्या आकड्यानं सरकवता येतील असं. आता छप्पर फेरायला पुरुष नको आणि चढायचंही नको.

पण ओट्यावर उभं राहणं म्हणजे चढणं होतं की नाही, हा प्रश्न आला. गावाच्या देवाचं पाहणाऱ्या भूमयाला विचारलं. म्हातारा आला. ओट्याकडे पाहिलं, पायानं दाबून पाहिला, तंबाखू मळली, खाल्ली. सगळ्या बाया लांब उभ्या. शेवटी म्हणाला, "ओटा मातीचा हाय. माती म्हणजे जमीन. जमिनीवर उभं राहाले कोण नाई म्हणते?" आणि निघून गेला. जाताना सोमीबाईला डोळा मारला असं गिरजा सांगायची. मी पाहिलं नाही.

त्याच सुमारास शहरातून काही माणसं काम पाहायला आली. त्यांनी बाईंना फार सुनावलं. म्हणाले, तुम्ही तुरुंगाला रंग लावताय. ही रीत मोडायची सोडून पक्की करताय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं हे करावं? बाईंनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर खड्ड्याच्या काठावर बसल्या, मी आता जसा बसलो होतो तशाच. गिरजाला म्हणाल्या, "मी चूक करतेय का गिरजाबाई?"

गिरजानं चिखलातून पाय काढला नाही. म्हणाली, "साप त येत्या पावसात येईन, बाई. रीत मोडाले किती पावसाळे लागन?"

मग बाई जे बोलल्या ते माझ्या लक्षात राहिलं. त्या म्हणाल्या, "हे घर रिकामं पडावं म्हणून बांधतेय मी. फक्त ते रिकामं पडेपर्यंत त्यात कोणी मरू नये."

मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. रिकामं पडण्यासाठी कोणी घर बांधतं का?

काम संपत आलं तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवण करून आम्ही तिघं बसलो होतो. मोहाची फुलं टपटपायला लागली होती. मी आपला बोलत होतो, की आता या बायांचं बरं झालं, नाहीतर काय ते जिणं, आमच्याकडे असं नाही, आम्ही सुधारलेले. गिरजा ताट घासत होती. मान वर न करता म्हणाली, "या बायायचं आपल्यापेक्षा बरं हाय. या चौघी-पाचजणी बसतेत, बोलतेत. मी एकटीच बसतो."

आणि भांड्यावर राख फिरवत राहिली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, गिरजाबाई घरी कुठं बसतात?"

"आहे न एक पडवी. मांगं."

"किती बाय किती?"

आता हे पाहा. मी त्या मुलखात जितकी घरं बांधली, त्यांची मापं मला तोंडपाठ होती. पाटलाची सपरी सांगा, शाळेची खोली सांगा, कोणाच्या बैलाचा गोठा सांगा, मी झोपेत सांगितलं असतं. पण पडवी किती बाय किती, ते मला आलं नाही. मी कधी तिथं गेलोच नव्हतो. ती जागा बायांची. ती माझ्या आईच्या वेळेपासून होती, बांबूच्या तट्ट्यावर माती छाबलेल्या आडोशाची, वर कसले तरी जुने कवेलू. पुरुष हात लावत नाही म्हणून मी त्या गोंडांना हसलो होतो.

गिरजानं ताट पालथं घातलं.

परत आल्यावर मी म्हटलं, गिरजे, तुझी पडवी चांगली बांधून देतो. ती म्हणाली, द्या. त्या वर्षी राइस मिलचं काम आलं. पुढच्या वर्षी पोरीचं लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी माती भिजवलीसुद्धा, तर शेजाऱ्याची भिंत पडली, त्याची नड मोठी होती, ती माती तिकडे गेली. पावसाळ्यात गिरजा पडवीत बसायची तेव्हा पहाटे तिची खोकल्याची उबळ मला आत ऐकू यायची. मी कूस बदलायचो. असं करता करता सहा-सात वर्षं गेली. मग एकदा माझ्या लक्षात आलं की ती मागं बसायला जात नाही. तिचं वय झालं होतं. तिचे दिवसच संपले आणि माझं काम माझ्याकडेच राहिलं. तिनं पडवीत गोवऱ्या रचल्या.

मी वाईट नवरा नव्हतो. मारलं नाही, दारू प्यायलो नाही, बाजारातून तिच्या आवडीची हिरवी बांगडी आणायचो. हे सगळं मी श्रावणापासून रोज स्वतःला सांगतो. त्यानं काही होत नाही.

सुनंदाबाई पुढं मोठ्या झाल्या. शाळा बांधल्या, सिरोंच्याकडे पुरात न बुडणारे आसरे बांधले, कुठं कुठं सत्कार झाले. त्यांच्याकडे शिकायला पोरंपोरी येत. त्यांना त्या आधी दिवसभर पोत्यावर बसवायच्या असं ऐकलं. पण दर दोनतीन वर्षांनी आमच्याकडे येऊन गिरजाच्या हातचा भात आणि वरण खाऊन जायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. गिरजानं एकदा विचारलं, काऊन जी बाई? तर म्हणाल्या, मला आवडलेल्या घराला नवरा नव्हता, नवरा आवडला त्याला घर नव्हतं. दोघी किती वेळ हसत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गिरजाच्या तेरवीला आल्या तेव्हा त्यांचे केस पांढरे झालेले, गुडघे दुखत होते. जेवण झाल्यावर उठल्या आणि न विचारता घरामागं गेल्या. मी पाठोपाठ. पडवीसमोर उभ्या राहिल्या. तट्टा फाटलेला, गोवऱ्या तशाच. मला वाटलं, काही बोलल्या असत्या तर बरं.

मीच म्हटलं, "बाई, धानोऱ्याकडचं ते घर कसं आहे?"

त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. अंगणात मोहफूल वाळत घातलेलं, सपरीत पोत्यांची थप्पी. सोमीबाई वारली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या नातीनं पहिल्यांदा जायचं नाकारलं. आश्रमशाळेत शिकलेली पोरगी, आईला म्हणाली, मी घरातच राहीन, काय व्हायचं ते होऊ दे. काही झालं नाही. मग दुसरी, मग तिसरी. आता बायांचा गट तिथं मोहफूल, हिरडा ठेवतो, बैठका घेतो. ओट्यावर चढून कवेलू मात्र अजून त्याच फेरतात.

"माझ्या मोठ्या इमारती अजून भरलेल्या आहेत मिस्त्री," बाई म्हणाल्या. "जिन्यात अजून कोणीतरी डबा खात असेल. हे एक घर रिकामं झालं." त्यांचे डोळे भरले होते. गिरजासाठी की घरासाठी, मला कळलं नाही.

आता माती कुजून तयार झाली होती. मंदा दोनदा खड्ड्यात डोकावून गेली. मी पडवीजवळ गेलो, गोवऱ्या हलवल्या, सूत धरलं. कूड नवं करता आलं असतं. दार लावता आलं असतं, कडी लावता आली असती. चांगली पडवी झाली असती. बिबट आत आला नसता. आणि मग स्वाती तिथं बसली असती, आणि तिची पोरगी. मी सूत गुंडाळून ठेवलं.

रविवारी सकाळी स्वाती आईच्या कानाला लागली. मंदानं तिची सतरंजी काढली, ताट काढलं, आणि दोघी सांदवाडीत आल्या, तर पडवीत मी बसलेलो. माझी वाकळ, माझा लोटा, माझी चंची.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"बसलो."

"पोरीले बसाचं हाय जी इथी."

"जागा नाई. पाहून राह्यली न, बुढा बसला. पोरगी आत निजन, आपल्या खाटेवर."

मंदा रडकुंडीला आली. म्हणाली, लोक काय म्हणतील, विहिरीवर बाया मला फाडून खातील, तुमची बुद्धी फिरली म्हणतील. मी म्हटलं, त्याहीले सांगजो, सासरा फिरला, पडवी अडवून बसला, मी काय करू? बोल माझ्यावर येऊ दे. या वयात मला काय शिकार करायची आहे?

मग पोरीच्या हातातलं ताट मंदानं आपल्या हातात घेतलं आणि दोघी आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला, कडी लावल्याचा नाही.

आज तिसरा दिवस. मंदा जेवण आणते, ताट लांबून सरकवते, मग तिचं तिलाच काहीतरी वाटून जवळ येऊन ठेवते. शेजारचा गणपत शेताच्या धुऱ्यावरून ओरडला, "काय गा मिस्त्री, तुले कावळा शिवला का?" मी म्हटलं, "हो गा, उशिरा शिवला." तो हसत गेला. जाऊ दे.

सांगायचं ते हे, की इथं बसलं की समोर आमच्या घराची मागची भिंत येते. दुसरं काही दिसत नाही. ना रस्ता, ना वावर, ना आभाळ धड. फक्त भिंत. घर मी बांधलं. पुढची सपरी पाहायला लोक थांबतात, कमानीवर मी मोर काढला आहे. मागच्या भिंतीला मी गिलावाच केला नव्हता. मागं कोण पाहतं म्हणून. विटा उघड्या, मधला मसाला ओघळून तसाच वाळलेला, एका ठिकाणी थापीचा ठसा, एका ठिकाणी वीटच तिरपी बसलेली. तीस वर्षं, दर महिन्याला चार दिवस, गिरजा हिच्याकडे तोंड करून बसली. तिला ती तिरपी वीट दिसत असणार. कामावर मी चुकलो की ती लगेच बोट दाखवायची. या विटेकडे तिनं कधी बोट दाखवलं नाही.

आज दुपारी स्वाती चहा घेऊन आली. आईनं हाक मारली तरी मागं वळली नाही. माझ्या वाकळीवर मला खेटून बसली, पाय पसरले आणि समोर पाहू लागली.

"आबा, हे भित कोण्या मिस्त्रीनं बांधली?"

मी सांगितलं.